सुपरहिरोचं गाव नकाशावर असावं का?

शेवटचा_बाक

परवा रात्री जेवताना भाचीने (वय वर्षं ९, तोंड अखंड चालू) विचारलं, "मामा, गॉथमला ट्रेन जाते का?"

नाही म्हणालो.

"मग विमान?"

"अगं, गॉथम असं खरं गावच नाहीये."

वरणभात कालवायचा थांबला. "बॅटमॅन खोटा आहे ते माहितेय मला. पण गाव पण खोटं?"

बॅटमॅन खोटा असलेला तिला चालतो, गाव खोटं असलेलं चालत नाही. मला हसू आलं खरं, पण रात्री आडवा झाल्यावर आठवलं की मीही याच जातीतला. चौथीत असताना काकांच्या माळ्यावर इंद्रजाल कॉमिक्सचे बाइंड केलेले गठ्ठे सापडले होते. त्यातल्या वेताळाचं (इंग्रजीतला फँटम) राज्य डेंकालीच्या जंगलात. ते शोधायला मी काकांचा जाडा इंग्रजी ॲटलास काढला आणि मागच्या सूचीत बोट फिरवत गेलो. डेनिझ्ली सापडलं (तुर्कस्तानात निघालं), त्याच्या खाली थेट डेन्मार्क. बरोब्बर ज्या दोन ओळींच्या मध्ये डेंकाली असायला हवं होतं, तिथे काही नाही. छापणाऱ्यांची चूक असणार असं ठरवून मी तिथे पेन्सिलने बारीक अक्षरात 'डेंकाली' लिहून टाकलं. काकांनी मारलं नाही, पण ॲटलास वरच्या फळीवर गेला.

तर प्रश्न असा. सुपरहिरोचं गाव खोटं असावं की खरं? माझं मत खोट्याच्या बाजूने. गॉथम, मेट्रोपोलिस, डेंकाली. एकदा गाव आपलं असलं की लेखकाला हवं ते करता येतं. तुम्हाला काय वाटतं?

ताकभात

पहिला! आता वाचतो.

पाटीपेन्सिल

छान धागा. गॉथमला ट्रेन जात नसली तरी गॉथम आहे हो, भाचीला सांगा. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ या नावाचं एक छोटंसं खेडं आहे. उच्चार मात्र 'गोट-अम'च्या जवळचा, कारण मूळ अर्थ शेळ्यांचं गाव.

त्या गावाची जुनी कथा फार गोड आहे. राजा जॉन तिथून जाणार अशी बातमी आली. राजा ज्या वाटेने जाई ती पुढे सरकारी रस्ता होई, आणि गावाला तो भुर्दंड नको होता. म्हणून राजाची माणसं पाहणीला आली तेव्हा अख्ख्या गावाने वेड्याचं सोंग घेतलं. कुणी कोकिळेला कोंडायला भोवती कुंपण घालतोय, कुणी मासा पाण्यात बुडवून मारायचा प्रयत्न करतोय. माणसं घाबरून परत गेली आणि राजाने वाट बदलली. १८०७ मध्ये वॉशिंग्टन अर्व्हिंगने न्यूयॉर्कच्या लोकांची टिंगल करताना त्या शहराला हे नाव चिकटवलं. म्हणजे गॉथम हे आधीपासूनच न्यूयॉर्कचं टोपणनाव.

बॅटमॅन आला मे १९३९ च्या अंकात, पण सुरुवातीला त्याचं शहर गॉथम नव्हतंच. लेखक बिल फिंगर आधी 'सिव्हिक सिटी', 'कॅपिटल सिटी' अशी नावं घोळवत होता. मग न्यूयॉर्कची टेलिफोन डिरेक्टरी चाळताना 'गॉथम ज्वेलर्स' नावाचं दुकान दिसलं आणि गाडं अडलेलं सुटलं. सराफाच्या दुकानावरून नाव पडलेलं जगातलं सगळ्यात दरिद्री-अवकळा शहर!

जाता जाता: हाच बिल फिंगर १९७४ मध्ये गेला तेव्हा बॅटमॅनवर निर्माता म्हणून नाव एकट्या बॉब केनचं होतं. फिंगरला श्रेय छापून मिळालं २०१५ मध्ये. गावाला नाव देणाऱ्याचंच नाव दरवाजावर नाही.

निळी_छत्री

वेड्याचं सोंग घेऊन रस्ता टाळणारं गाव! आमच्याकडे रस्ता मिळावा म्हणून लोक वेडे व्हायची पाळी आलीय.

चष्मेबहाद्दर

धागाकर्त्याशी साफ असहमत. खोटी गावं ही पळवाट आहे.

डीसी आणि मार्व्हल या दोन कॉमिक्स कंपन्या घ्या. डीसीचं कसं, प्रत्येक हिरोला आपापला तालुका वाटून दिलाय. सुपरमॅनला मेट्रोपोलिस, बॅटमॅनला गॉथम, फ्लॅशला सेंट्रल सिटी, ग्रीन लँटर्नला कोस्ट सिटी, ग्रीन ॲरोला स्टार सिटी. एकमेकांच्या हद्दीत पाऊल नको.

मार्व्हल म्हणजे चाळ. सगळे एकाच मॅनहॅटनात. फँटॅस्टिक फोर बॅक्स्टर बिल्डिंगमध्ये, डॉक्टर स्ट्रेंज ब्लीकर स्ट्रीटवर १७७ अ नंबरात, डेअरडेव्हिल हेल्स किचनमध्ये, स्पायडरमॅन नदीपलीकडे क्वीन्सच्या फॉरेस्ट हिल्समध्ये मावशीकडे... चुकलो, काकूकडे. एकाच्या घरी भांडण झालं की दुसऱ्याच्या खिडकीची काच फुटते. गंमत त्यातच आहे.

आणि हे कुठून आलं? ती माणसं तिथेच राहत होती, तिथेच काम करत होती. जॅक कर्बी लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीत वाढला, डिलान्सी स्ट्रीटच्या परिसरात. चित्रकार म्हणून त्याने फँटॅस्टिक फोरमधल्या 'थिंग'ला यान्सी स्ट्रीटचा पोरगा केला आणि त्याला जन्मभर छळणारी यान्सी स्ट्रीटची टोळी दिली. ब्लीकर स्ट्रीटचा पत्ता तर मार्व्हलच्या रॉय थॉमस आणि गॅरी फ्रीडरिक या लेखकांच्या भाड्याच्या घरावरून आलाय. खोट्या गावात असला ओलावा कुठून आणणार?

ताकभात

वाचलं. मामी, काकू, मावशी सगळ्या इंग्रजीत एकच, तुमचा दोष नाही. मे पार्कर ही बेन काकांची बायको म्हणून काकूच.

बाकी चाळीचं पटलं. नळावरची भांडणं फक्त दाखवत नाहीत.

रविवारची_मिसळ

डॉक्टर स्ट्रेंजला आज ब्लीकर स्ट्रीटवर ते घर परवडेल का हा खरा जादूचा प्रश्न आहे.

ओहायोकाठचा_अप्पा

माझा अनुभव लिहितो. मी सेंट लुईसजवळ राहतो. इथून अडीचेक तासांवर, ओहायो नदीकाठी, इलिनॉय राज्यात मेट्रोपोलिस नावाचं खरोखरचं गाव आहे. वस्ती सहा हजारांच्या आसपास. सुपरमॅनच्या कितीतरी आधीचं. १९७२ मध्ये गावाने स्वतःला 'सुपरमॅनचं गाव' जाहीर करून टाकलं. म्हणजे धागाकर्त्याने ॲटलासमध्ये पेन्सिलने जे केलं ते यांनी ठराव करून केलं.

मुलं लहान असताना गेलो होतो. डोक्यात काचेच्या इमारतींचं मेट्रोपोलिस, आणि समोर काय, तर एक पेट्रोल पंप, धान्याची कोठारं, आणि कोर्टाच्या चौकात १५ फुटी रंगीत सुपरमॅन कमरेवर हात ठेवून उभा. १९९३ चा ब्राँझचा पुतळा आहे. आपल्याकडे चौकात पुतळा असतो तसाच, फक्त हार नाही आणि कबुतरंही जरा बिचकून. गावच्या पेपराचं नाव 'मेट्रोपोलिस प्लॅनेट'. पुढे २०१० मध्ये लोइस लेनचाही पुतळा बसवला.

माझा धाकटा पुतळ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "बाबा, इथे वाचवण्यासारखं काय आहे?" त्याला उत्तर देता आलं नाही. पण तिथल्या दुकानातल्या आजीबाईंनी ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "पूर येतो ना नदीला." एकदम गंभीरपणे. मी निमूटपणे लोहचुंबक विकत घेतलं.

तेव्हा माझं मत: खोटं गाव बरं, पण त्याला पूर आला पाहिजे.

निळी_छत्री

"पूर येतो ना नदीला" __/\__ अप्पा, दंडवत.

तिरकस_काटकोन

चाळिशी उलटलेली माणसं चड्डी बाहेरून घालणाऱ्यांच्या पत्त्यावर वाद घालतायत. चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पाटीपेन्सिल

@तिरकस_काटकोन, बसा बसा. त्या चड्डीचंही कारण आहे. त्या काळच्या सर्कशीतले पैलवान आणि कसरतपटू घट्ट पोशाखावर तसंच घालायचे. सुपरमॅनचे जनक सीगल आणि शूस्टर ही क्लीव्हलंडमधली दोन पोरं, त्यांनी ताकदवान माणूस म्हणजे कसा दिसतो ते तिथूनच घेतलं. आणि त्या पोरांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. दोघांत मिळून १३०. डीसीच्या मालक वॉर्नर कंपनीने त्यांना वर्षाला २० हजार डॉलरचं निवृत्तिवेतन आणि नाव छापायचं कबूल केलं १९७५ मध्ये, तेही बराच आरडाओरडा झाल्यावर. चड्डीपेक्षा हसण्यासारखं (की रडण्यासारखं) ते आहे.

शूस्टर मूळचा टोरोंटोचा. लहानपणी 'टोरोंटो स्टार' विकायचा. म्हणून क्लार्क केंटचा (म्हणजे साध्या वेषातल्या सुपरमॅनचा) पेपर आधी 'डेली स्टार' होता, नंतर 'डेली प्लॅनेट' झाला. चष्मेबहाद्दर, ओलावा खोट्या गावातही मुरतो तो असा.

चष्मेबहाद्दर

मुद्दा मान्य. अर्धा.

माळावरची_बोर

डेंकालीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

डेंकाली हे नाव आपल्याकडचंच. वेताळाचा जनक ली फॉक, त्याच्या मूळ चित्रमालिकेत (१७ फेब्रुवारी १९३६ पासून) त्या प्रदेशाला आधी 'बेंगाली' म्हणत, पुढे 'बंगाला' झालं. १९६४ च्या मार्चमध्ये इंद्रजाल सुरू झालं तेव्हा भारतातल्या वाचकांपुढे हे ठेवायचं कसं? बंगालात बुटक्यांची टोळी, कवटीच्या आकाराची गुहा आणि सिंहासनावर गोरा माणूस! म्हणून डेंकाली. त्याच धाकाने सिंग चाच्यांचे 'सिंगा' झाले, राम नावाचा खलनायक 'रामालू' झाला. इंद्रजाल छापणाऱ्या टाइम्स ऑफ इंडियाच्या कचेरीत कुणीतरी लाल पेन्सिल घेऊन बसलं होतं म्हणायचं.

आणि मूळ जागाही धड एका ठिकाणी नव्हती. सुरुवातीला आशियात, हिंदी महासागराच्या बाजूला कुठेतरी. नंतर हळूच सरकत आफ्रिकेत गेली. जंगल तेच, टोळी तीच, वाघही चालूच.

मला हे सगळं फार आवडायचं, पण आता वाचताना घशात अडकतं. चारशे वर्षं एक गोरं घराणं जंगलावर राज्य करतंय आणि सगळे काळे लोक त्याला अमर समजून हात जोडतायत. खोट्या गावाची हीच सोय आहे. खऱ्या देशाचं नाव घातलं असतं तर त्या देशाने विचारलं असतं, बाबा रे, तुला नेमलं कुणी?

शेवटचा_बाक

@माळावरची_बोर, माझ्या पेन्सिलीवर पाणी ओतलंत. पण बरोबर आहे. एक मात्र, फॉकनेच पुढे तिथे लामांडा लुआगा नावाचा काळा, निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष आणला, राजधानीचं मॉरिसटाउन हे नाव बदलून मावितान केलं. म्हणजे खोट्या देशालाही स्वातंत्र्य मिळालं.

माळावरची_बोर

मिळालं, आणि वेताळ गुहेतच राहिला. जंगल गस्ती दलाचा गुप्त प्रमुख कोण, तर तोच. राष्ट्राध्यक्ष बदलले तरी खातं बदललं नाही. हे मात्र अगदी खऱ्या देशासारखं.

रविवारची_मिसळ

खिक्!

तिरकस_काटकोन

बरं, आता एक कबुली. वेताळ गावात येताना ओव्हरकोट, टोपी, काळा चष्मा घालून यायचा आणि गुत्त्यात जाऊन दूध मागायचा. कुणी हसलं की ठोसा. मी अकरावीत मित्रांबरोबर पहिल्यांदा तसल्या ठिकाणी गेलो तेव्हा दूध मागितलं होतं. ठोसा मला पडला. वेटरचा नाही, मित्राचा.

ताकभात

पॉपकॉर्न खाली ठेवा काका, तुम्ही आमच्यातलेच निघालात.

शिरोड्याची_वाट

मी आपला नुसता वाचक, पण आता राहवत नाही.

लहानपणी माझ्या हातात 'वेताळ' असं मोठ्ठं छापलेलं पुस्तक बघून आजीने ते आधी कपाळाला लावलं. मग उघडलं. आत जांभळ्या कपड्यातला मुखवटेवाला दणादण हाणतोय. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्याच्या चपला खंय?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे वेताळ म्हणजे झाडाला लटकून राजाला कोडी घालणारा नव्हे. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. वेतोबा म्हणजे वेताळच, पण तो गावाचा राखणदार. रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, वाईट काय ते आत येऊ देत नाही. फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक नवसाला चामड्याच्या नव्या चपला वाहतात. साध्या नाहीत, हा एवढाल्या. देवळात ओळीने मांडलेल्या असतात. माझं अख्खं पाऊल टाचेच्या जागेत मावलं असतं. आणि केळ्यांचे घड. गोव्यातही बेताळ आहेच, लोलयेला, आमोण्याला.

आता ली फॉकच्या हिरोला इंग्रजीत काय म्हणतात? चालणारं भूत. मरत नाही, फिरत राहतं, राखण करतं. ज्या कुणी मराठीत त्याचं नाव वेताळ ठेवलं त्याला विक्रम राजाचा वेताळ आठवला असेल, नाहीतर वेतोबा. मला वाटतं वेतोबा. आजीला तर शंकाच नव्हती. तिचं म्हणणं एवढंच की चपला दाखवल्या नाहीत म्हणजे चित्रकाराला माहिती कमी.

माळावरची_बोर

हे वाचून अंगावर काटा आला. मी आयुष्यभर ते भाषांतर 'बरं जमलंय' म्हणून सोडून दिलं होतं.

पाटीपेन्सिल

शिरोड्याची_वाट, हा प्रतिसाद वेगळा लेख व्हायला हवा.

जांभळ्या रंगावरून एक भर: फॉकच्या डोक्यात आधी करडा रंग होता. रोजची पट्टी काळीपांढरी, त्यामुळे प्रश्न नव्हता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि पोशाख जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत लाल. जंगलात लपायला जांभळा रंग! पण एकदा छापलं की तोच गणवेश.

चष्मेबहाद्दर

आता माझ्या अर्ध्या मुद्द्याकडे परत येतो. खरं शहर असलं की लेखकाला लबाडी करता येत नाही, याचं माझं आवडतं उदाहरण. स्पायडरमॅनला झोके घ्यायला उंच इमारती लागतात. १९८५ चा एक अंक आहे, पीटर डेव्हिडने लिहिलेला. स्पायडरमॅन एका चोराच्या मागे न्यूयॉर्कबाहेर स्कार्सडेल या उपनगरात जातो. तिथे सगळी बैठी घरं आणि हिरवळ. जाळं टाकायचं कुठे? बिचारा झाडांवरून धडपडतो, गच्चीवरून धावतो, सगळ्या पोशाखात लोकांच्या वाहनाने जायची वेळ येते. अख्ख्या अंकात फजिती. हा अंक खोट्या गावात सुचलाच नसता, कारण खोट्या गावात लेखक लगेच एक टॉवर उभा करतो.

निळी_छत्री

आमच्या बदलापुरात आला असता तर १९८५ मध्ये हीच गत. आता या म्हणावं, टॉवरच टॉवर आहेत, पाणी तेवढं टँकरचं.

रविवारची_मिसळ

मुंबईचा स्पायडरमॅन झालाय की! २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी काढला होता. पवित्र प्रभाकर. गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला, धोतर नेसलेला. कोळी चावत नाही, एक योगी शक्ती देतो. काका भीम, काकू माया, खलनायक नलिन ओबेरॉय. चारच अंक आले.

धोतर नेसून झोके घेणं हे कोळ्याच्या शक्तीपेक्षा मोठं धाडस आहे.

ताकभात

आणि पुढे सिनेमात त्याचं शहर मुंबई राहिलं नाही, 'मुंबॅटन' झालं. मुंबई अधिक मॅनहॅटन. म्हणजे आपल्या वाट्याला आलेलं खरं शहरही शेवटी अर्धं खोटंच.

मधल्या_सुट्टीत

अवांतर: कुणाकडे मराठी इंद्रजाल विकायचे असतील तर संपर्क साधा. एकूण ८०३ अंक निघाले होते, १९९० मध्ये बंद झाले. मला बहादूरचे हवे आहेत. आबिद सुरतींचा, भगवा कुर्ता आणि जीन्सवाला. तोही डाकूंच्या मुलखातला, गाव जयगढ.

शेवटचा_बाक

खरेदी-विक्रीचा धागा वेगळा आहे हो. काकांचे गठ्ठे मागू नका, वाळवीने आधीच मागितले.

माळावरची_बोर

चष्मेबहाद्दर, खऱ्या शहराची दुसरी बाजूही बघा. न्यूयॉर्क घेतलंत की न्यूयॉर्कचं दुःखही घ्यावं लागतं.

११ सप्टेंबर २००१ झालं. मार्व्हलचे शंभरेक हिरो त्याच बेटावर राहतात. मग ते त्या सकाळी होते कुठे? टाळता येईना. शेवटी स्पायडरमॅनचा ३६ वा अंक काढला, मुखपृष्ठ पूर्ण काळं. लोक धुळीतून धावत येतात आणि स्पायडरमॅनला विचारतात, तू कुठे होतास? त्याच्याकडे उत्तर नाही. सगळे हिरो ढिगारे उपसायला मदत करतात आणि खरे हिरो अग्निशमनवाले असं म्हणतात. तिथवर ठीक. पण त्याच अंकात डॉक्टर डूम, ज्याने स्वतः कितीदा ते शहर उडवायचा प्रयत्न केला, तो उभा राहून रडतो. त्यावर लोक इतके हसले की बस. खरं आणि खोटं एका चौकटीत बसवताना शिवण उसवते ती अशी.

पाटीपेन्सिल

हाच पेच १९४२ मध्ये सुपरमॅनला पडला होता. अमेरिका युद्धात उतरलेली. सुपरमॅन गेला तर युद्ध दुपारपर्यंत संपणार, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तर ते चालूच असणार. मग काय केलं? क्लार्क केंट भरतीला जातो. डोळे तपासायला उभा करतात. उत्साहाच्या भरात त्याची क्ष-किरण नजर भिंतीपलीकडे जाते आणि तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवतो. एकही अक्षर बरोबर नाही. नापास! घरी जा.

मला हे डूमच्या अश्रूंपेक्षा शंभर पटींनी आवडतं. हसवून सोडवलं.

ओहायोकाठचा_अप्पा

वा! माझाही लायसन्सच्या वेळी डोळ्यांच्या तपासणीत असाच गोंधळ झाला होता. क्ष-किरण नव्हते, चष्मा गाडीत राहिला होता.

शेवटचा_बाक

आता मला जोर आला. चष्मेबहाद्दर, हे बघा. १९९८ मध्ये बॅटमॅनच्या अंकांमध्ये गॉथमला भूकंप झाला, आणि १९९९ मध्ये सरकारने पूल उडवून शहर देशातून तोडूनच टाकलं. कायदा नाही, वीज नाही, टोळ्यांनी गल्ल्या वाटून घेतलेल्या. अन्नासाठी अदलाबदल. वर्षभर चाललं. हे न्यूयॉर्कला करून दाखवा! पुढच्या महिन्यात त्याच शहरात स्पायडरमॅनला कॉलेजला जायचंय.

डेनिस ओ'नील हा बॅटमॅनचा जुना लेखक-संपादक. गॉथम म्हणजे काय याचं त्याचं उत्तर मला पाठ आहे: चौदाव्या रस्त्याच्या खालचं मॅनहॅटन, नोव्हेंबरातल्या सगळ्यात थंड रात्री, बारा वाजून अकरा मिनिटांनी. म्हणजे गाव खरंच आहे, फक्त कायम बारा अकराला थांबवलेलं. न्यूयॉर्कला सकाळ होते, तीच अडचण.

चष्मेबहाद्दर

बारा अकरा मस्तच. हरलो म्हणत नाही, पण चहा पाजतो.

एक शेवटचा खडा टाकतो: फँटॅस्टिक फोरच्या अगदी पहिल्या अंकात (१९६१) शहराचं नाव न्यूयॉर्क नाही, 'सेंट्रल सिटी' आहे. काही अंकांतच बदलून न्यूयॉर्क केलं. बॅटमॅन खऱ्याकडून खोट्याकडे गेला, हे खोट्याकडून खऱ्याकडे आले. आणि मार्व्हलनेही खलनायक डूमला मात्र खोटाच देश दिला, लॅटव्हेरिया. ब्लॅक पँथरचा वाकांडाही खोटाच, १९६६ चा. म्हणजे न्यूयॉर्कबाहेर पाऊल टाकलं की यांचाही ॲटलास संपतो.

माळावरची_बोर

आफ्रिकेत दोन खोटे देश, डेंकाली आणि वाकांडा. एकात गोरा माणूस सिंहासनावर, दुसऱ्यात काळा राजा. मधे ३० वर्षं. मी वाकांडाला राहायला जाईन, डेंकालीला फक्त पर्यटनाला.

तिरकस_काटकोन

डेंकालीत दूध चांगलं मिळतं.

शेवटचा_बाक

धाग्याचा परिणाम कळवतो. काल भाचीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले (गुत्त्याचा वगळून). शेळ्यांचं गॉथम तिला अजिबात आवडलं नाही. "ते दुसरं गॉथम." मेट्रोपोलिसचा पुतळा ठीक. अप्पांच्या धाकट्याचा प्रश्न बरोबर होता म्हणाली. डूम रडतो त्यावर "पण त्याला वाईट वाटू शकत नाही का?" असं विचारलं. माळावरची_बोर, याचं उत्तर तुम्ही द्या.

मग वेतोबाच्या चपलांपाशी आम्ही अर्धा तास अडकलो. तिने माझी चप्पल आणून पट्टीने मोजली. शिरोड्याची_वाट यांच्या पावलाचा नंबर काय, तो टाचेत मावतो म्हणजे अख्खी चप्पल केवढी, असा तिचा हिशोब कागदावर चालू आहे. राखणदार रात्री फिरतो तर त्याला कुणी बघितलंय का, आणि पावसाळ्यात चामड्याच्या चपला कशा चालतात, हे दोन उपप्रश्न.

शेवटी तिने जे विचारलं ते तसंच लिहितो: "मामा, आरवलीला तरी ट्रेन जाते का?"

शिरोड्याची_वाट

सावंतवाडी रोडला उतरा. पुढे शिरोड्याकडे जाणारी एसटी धरा, कंडक्टरला आरवली म्हणून सांगा. माझा नंबर आठ. येताना केळी घेऊन या, आणि तिला पट्टी नको म्हणावं, टेप आणायला सांगा.